संध्याकाळी सहाचा ताप

इचलकरंजीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं कापून देते.

"माझं वय ३२, यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. मिसेसचं वय २७, मुलगी चार वर्षांची. गणपती झाल्यावर मिसेसचा घसा दुखायला लागला आणि ताप सुरू झाला. रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास थंडी वाजून १०३, कधी १०४. रात्री घाम येऊन उतरतो. सकाळी उठून माझा डबा करते, जसं काही झालंच नाही. आधी टायफॉइड म्हणून सलाईन लावली, मग डेंग्यू बघितला, मग टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हणाले. तोवर मनगटं आणि गुडघे सुजले. शेवटी मिरजेला ॲडमिट केलं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सीटी, हाडातला मगज काढूनसुद्धा तपासला. सगळं नॉर्मल. फक्त पांढऱ्या पेशी २२ हजार आणि फेरिटिन ११,२००. आता म्हणतात, 'ॲडल्ट ऑनसेट स्टिल्स डिसीज' आहे. स्टेरॉइड सुरू केल्यावर तीन दिवसांत ताप गेला, हे खरं आहे. पण माझा प्रश्न असा की, एवढ्या तपासण्यांत या आजाराची एकही पॉझिटिव्ह नाही, मग नाव कशावरून ठेवलं? पाच आठवडे झाले, चेहरा सुजलाय. आई म्हणते स्टेरॉइड बंद करा, एकांची पुडी चांगली आहे. आता मेथोट्रेक्सेट लिहून दिलीय, ती कॅन्सरची गोळी आहे म्हणे. मेडिकलवाल्याने सगळ्या पाकिटांवर १-०-० लिहून दिलंय, उद्यापासून सुरू करायचीय. दुसरं मूल होईल का? खूप महागाचं इंजेक्शन लागेल असंही कुणी म्हणालं. ताण आलाय."

तुमचं पत्र रात्री वाचलं आणि त्या '१-०-०' पाशी थांबले. म्हणून तेव्हाच फोन केला. तुम्ही चिठ्ठी काढून वाचून दाखवलीत, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं : मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, दर रविवारी एक. पाकिटावर मात्र सवयीने रोज सकाळी एक असं उतरलं होतं. ते पाकीट तुम्ही माझ्यादेखत, म्हणजे फोनवरच, खोडून घेतलंत. आपल्या दोघांपुरता विषय संपला. पण हे सदर इतरही वाचतात, म्हणून पुन्हा सांगते. संधिवाताच्या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, पेशी घसरतात आणि माणूस दगावू शकतो. अशा चुकीने जगभर माणसं दगावली आहेत. सोबत फॉलिक ॲसिड देतात आणि गंमत अशी की या दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळ्याच असतात. घरात स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरांत 'रविवार' लिहा. फॉलिक ॲसिडची स्ट्रिप वेगळ्या डब्यात. चुकून जास्त गेलीच तर 'बघू दोन दिवस' असं करायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. त्यावर उतारा असतो, पण तो वेळेत द्यावा लागतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तो मला फार आवडला, कारण एके काळी तोच माझाही होता.

या आजाराची एक अशी तपासणी नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मलेरियाचा जंतू काचेवर दिसतो, टीबीचा जंतू थुंकीत सापडतो. स्टिल्समध्ये सापडण्यासारखा जंतूच नसतो. आपलीच प्रतिकारशक्ती, तीसुद्धा तिचा सगळ्यात जुना, पहिल्या फळीचा भाग, कारण नसताना पेटून उठते. म्हणून आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो, एएनए निगेटिव्ह येते (या दोन्ही इतर संधिवातांसाठी करायच्या रक्ततपासण्या), आणि या आजारात ते निगेटिव्ह येणं हीच एक खूण धरतात. लंडनच्या जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी १८९७ मध्ये लहान मुलांमधला असा आजार लिहून ठेवला. मोठ्यांमध्येही तो होतो हे एरिक बायवॉटर्स यांनी १९७१ मध्ये १४ बायकांच्या नोंदींवरून मांडलं. आणि १९९२ मध्ये जपानी डॉक्टरांनी निकष ठरवले, यामागुची निकष म्हणतात त्यांना. १०२ च्या वरचा ताप आठवडाभर तरी, सांधेदुखी दोन आठवडे तरी, विशिष्ट पुरळ, पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या वर आणि त्यात न्यूट्रोफिलसारख्या पेशी ८० टक्के. हे चार मोठे. घसादुखी, गाठी किंवा प्लीहा वाढणं, यकृताचे आकडे बिघडणं, आरए-एएनए निगेटिव्ह, हे छोटे. एकूण पाच जुळले आणि त्यात किमान दोन मोठे असले की नाव ठेवता येतं. पण अट अशी की जंतुसंसर्ग, रक्ताचा किंवा गाठींचा कॅन्सर आणि इतर संधिवात आधी बाजूला काढायचे. तुमच्या त्या सगळ्या तपासण्या आणि हाडातला मगज त्यासाठीच होता. आपल्याकडे टीबी, टायफॉइड, मलेरिया, स्क्रब टायफस, ब्रुसेला एवढी सगळी मंडळी रांगेत असताना कुणी पहिल्याच दिवशी स्टिल्स म्हटलं असतं, तर मीच त्या डॉक्टरकडे संशयाने पाहिलं असतं.

फ्रान्स आणि जपानमधल्या पाहण्यांत वर्षाला दर दहा लाख लोकांमागे जेमतेम एक ते तीन नवे रुग्ण निघाले. गावातल्या डॉक्टरने आयुष्यात एकही पाहिला नसेल, हे शक्य आहे. त्याच्यावर फार राग धरू नका.

माझी गोष्ट सांगते. पंचवीसेक वर्षं झाली असतील. कॉलेजातली एक एकोणीस वर्षांची मुलगी माझ्या वॉर्डात तीन आठवडे होती. रोज ताप, सांधे धरलेले, रक्ताचे रिपोर्ट तुमच्यासारखेच कोरे. मी एकामागून एक अँटिबायोटिक बदलत होते. माझा राऊंड सकाळी नऊचा. नऊ वाजता ती पोरगी केस विंचरून, पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि मला आतून वाटायचं की ही अर्धी बरी झाली. एक दिवस वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "बाई, तिन्हीसांजेला तिच्या दंडावर आणि पोटावर गुलाबी उठतं. रात्री जातं." मी म्हटलं, घामोळं असेल. मावशींनी ते तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी काही सांगितलं नाही, संध्याकाळी सात वाजता निरोप पाठवून मला बोलावूनच घेतलं. मी आले तर ताप १०३.५ आणि दंडावर फिकट गुलाबी ठिपके, न खाजणारे, बोटाने दाबले की नाहीसे होणारे. सावळ्या रंगावर ट्यूबलाइटखाली नीट पाहिल्याशिवाय कळतही नव्हते. मावशींनी साडीच्या काठाची शिवण दाखवावी तसं बोट ठेवून दाखवलं.

निदान पुस्तकात होतं, पण त्याची वेळ संध्याकाळची होती आणि माझी सकाळची.

म्हणून तुमच्या पत्रातलं 'रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास' आणि 'सकाळी उठून माझा डबा करते' ही दोन वाक्यं मला सीटी स्कॅनपेक्षा जास्त बोलकी वाटली. दिवसातून एकदा, बहुतेक संध्याकाळी, तापाचा सुळका आणि मग पूर्ण उतार, हीच या आजाराची चाल. पुरळ तापाबरोबर येतं आणि तापाबरोबर जातं. तुम्ही पुरळाबद्दल काहीच लिहिलं नाही. पत्नीला विचारा. बायका असलं काही 'उष्णता झालीय' म्हणून सोडून देतात. पुन्हा कधी ताप चढला तर दंड, मांड्या, पोट, पाठ, आणि कपड्याची नाडी काचते ती जागा, उजेडात पाहा आणि मोबाइलवर फोटो काढा. फोटोवर वेळ उमटते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तो दाखवा. सकाळच्या ओपीडीत त्यांना तो दुसऱ्या कुठल्या मार्गाने दिसणार?

फेरिटिनबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी एक ओळ लिहिली होती, जी वर छापली नाही : शेजारच्या काकूंनी 'लोह फार झालंय, पालक आणि खजूर बंद करा' असं सांगितलं. दुसरीकडे हिमोग्लोबिन मात्र ९, म्हणून आईंनी बीट सुरू केलं. दोघी आपापल्या जागी हुशार आहेत, पण इथे दोघींचाही हिशेब लागत नाही. फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, धान्याच्या कणगीसारखं. एरवी कणगीच्या आकारावरून घरात धान्य किती हे कळतं. पण दाह पेटला की शरीर कणग्याच कणग्या बनवत सुटतं आणि आतल्या लोहाला कुलूप लावतं. म्हणून कणग्या भरपूर आणि घरात भाकरी नाही, असं एकाच वेळी दिसतं. पालक खा, बीट खा, त्याने ११,२०० चे ११,३०० होणार नाहीत. आकडा उतरतो तो औषधाने. एक लक्षात असू द्या, फेरिटिन वाढलं म्हणजे स्टिल्सच असं नसतं. इतर आजारांतही ते वाढतं. पण पाच आकड्यांत गेलं, की यादी एकदम छोटी होते.

आता भीतीची गोष्ट, आणि इथे मी काही गोड करून सांगणार नाही. या आजारात दहा-पंधरा टक्के लोकांत एक वाईट वळण येऊ शकतं. मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम असं त्याचं नाव. त्यात शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी रक्ताच्या पेशीच खाऊ लागतात. मग संध्याकाळी चढून रात्री उतरणारा ताप उतरतच नाही, दिवसभर राहतो. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, डोळे पिवळे, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणं. रक्तात २२ हजार असलेल्या पेशी अचानक तीन हजारांवर येतात, प्लेटलेट घसरतात. ईएसआर, म्हणजे दाह दाखवणारा रक्तातला आकडा, तोसुद्धा उतरतो, कारण तो चढवणारं फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन संपत आलेलं असतं. फेरिटिन वर आणि ईएसआर खाली, असं दिसलं तर कुणी पेढे वाटू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढा आणि जिथे ॲडमिट केलं होतं तिथे जा. फाईल सोबत न्या. त्या रात्रीच्या ड्युटीवरचा डॉक्टर नवखा असेल, त्याला पहिल्या पानावर ठळक अक्षरांत आजाराचं नाव दिसू दे.

स्टेरॉइड. आईंचं काळजीने सांगणं मी समजू शकते, चेहरा बदललेला पाहवत नाही. पण चाळीस मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन पाच आठवडे घेतल्यावर ते एका दिवसात बंद करणं हे त्या गोळीपेक्षा धोक्याचं आहे. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. एकदम तोडलं की बीपी कोसळतं, उलट्या होतात, आणि आजार उसळतो तो वेगळाच. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं. आठवड्याभरात ती बाजारात जाऊन खरेदी करून आली. १९५० मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. त्यानंतर लवकरच डॉक्टरांच्या दोन गोष्टी लक्षात आल्या : गाल फुगतात, आणि औषध तोडलं की दुखणं परत येतं. आजही स्टेरॉइडची सगळी कसरत या दोन गोष्टींमध्येच आहे. म्हणून हळूहळू उतरवायचं आणि ते उतरवता यावं यासाठीच मेथोट्रेक्सेट. तिचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर स्टेरॉइडने किल्ला लढवायचा. मीठ कमी, साखर आणि बीपी अधूनमधून तपासायचं, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्यायचं.

आणि पुडी? तिच्यावर आत काय आहे ते छापलेलं आहे का? अशा कित्येक पुड्यांमध्ये स्टेरॉइडच कुटून घातलेलं सापडतं. म्हणजे मोजलेलं स्टेरॉइड सोडून न मोजलेलं घ्यायचं, एवढाच फरक. काढ्यांतही गुळवेल सांभाळून. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण स्टिल्समध्ये यकृत बऱ्याचदा आधीच दुखावलेलं, वर मेथोट्रेक्सेटचा भार, त्यात प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' काही कशाला घालायचं? हिची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, उतू चालली आहे.

'कॅन्सरची गोळी' म्हणालात ते इतिहासाच्या दृष्टीने खोटं नाही. आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत ज्या संशोधनाच्या मुळाशी होते, त्यातून ॲमिनोप्टेरिन आलं. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिल्याचं प्रसिद्ध झालं. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच धाकटं भावंड. पण काही कॅन्सरमध्ये ती एका दिवसात कित्येक ग्रॅम देतात. तुमच्या पत्नीला आठवड्याला १५ मिलिग्रॅम. चुलीतला विस्तव आणि देवापुढची निरांजन, आग दोन्हीकडे आहे. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त आणि यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. रविवारी रात्री मळमळ झाली तर सोमवारी सकाळचा डबा तुम्ही करा.

मूल होईल. पण आत्ता नाही, आणि हे दोघांनी गंभीरपणे घ्यायचं आहे. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला इजा होते. आजार बरेच महिने शांत राहिल्यावर डॉक्टरांशी बोलून ती गोळी आधी, साधारण तीन महिने, थांबवतात, गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं देतात आणि मग ठरवतात. तोवर गर्भनिरोधनाची पक्की सोय करा, 'काळजी घेतो आम्ही' एवढ्यावर ठेवू नका. हे बोलायला संकोच वाटला तर चिठ्ठी लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, मला अशा कितीतरी चिठ्ठ्या आल्या आहेत.

महागडं इंजेक्शन म्हणजे बहुधा टोसिलिझुमॅब, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ज्यासाठी नातेवाईक रात्रभर धावत होते, तेच. स्टेरॉइड उतरवताच येईना, मेथोट्रेक्सेट पुरेना, तर ते उपयोगी पडतं. आयएल-१ हा दाह पेटवणारा शरीरातला निरोप्या अडवणारी इंजेक्शनं या आजारात चांगली, पण आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत. तुमच्याबाबतीत ही वेळ आलेली नाही, म्हणून आजच कर्जाचं बघू नका. वेळ आलीच तर आधी टीबी आणि 'बी' प्रकारची कावीळ तपासून घेतील, आणि टोसिलिझुमॅब दिल्यावर सीआरपी या दाह मोजणाऱ्या रक्ततपासणीवर भरवसा ठेवता येणार नाही, कारण ते औषध सीआरपी झाकून टाकतं. खर्चाचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते त्याला ठाऊक असतं.

पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी मनात असणारच. या आजाराच्या तीन वाटा असतात. काहींना एकदाच येतो, काही महिने, फार तर वर्षभर, आणि मग जातो. काहींना मध्ये बरं जाऊन पुन्हा उसळतो. काहींचा ताप जातो, पण सांध्यांत ठाण मांडतो, विशेषतः मनगटात, आणि मनगट हळूहळू आखडतं. कोणती वाट, हे पाचव्या आठवड्यात मी सांगू शकत नाही, त्यांचे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. पण मनगटाकडे लक्ष ठेवा. नमस्कार करताना तळवे जुळून कोपरं आडवी होतात का, ते महिन्यातून एकदा बघा. होत नसतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

तुम्ही ताजा कलमात लिहिलं आहे की लेक आईजवळ झोपत नाही, 'ही दुसरी आई आहे' म्हणते. गाल उतरतील, डोस खाली आला की काही महिन्यांत उतरतात, मी पुष्कळ पाहिले आहेत. चार वर्षांच्या पोरीला हे सांगून पटणार नाही. तिला काम द्या. रोज संध्याकाळी सहा वाजता थर्मामीटर आईच्या काखेत तिनेच धरायचं, पीं वाजलं की ओरडायचं, आणि तुम्ही वहीत आकडा लिहायचा. ताप नसला तरी लिहायचा. ती वही पुढच्या तारखेला मिरजेला घेऊन जा.